सांगलीच्या उन्हाळ्यात पाण्याने थंड होणारा संगणक: जोडणीच्या नोंदी

१० मार्च २०२४

माझे काम इमारतींची त्रिमितीय चित्रे तयार करण्याचे आहे. रेंडर (संगणकाकडून अंतिम चित्र बनवून घेणे) लावला की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही तासन् तास पूर्ण भारावर चालतात. प्रोसेसर रायझेन ९ ५९००एक्स आहे आणि कार्ड आरटीएक्स ३०८०. पहिला भारावर १४२ वॅटपर्यंत वीज घेतो आणि दुसऱ्याची मर्यादा ३२० वॅट, म्हणजे ४६२ वॅटची उष्णता संगणकाच्या पेटीबाहेर काढायची आहे. गेल्या उन्हाळ्यात हवेच्या कूलरवर प्रोसेसर ९० अंश सेल्सिअसला टेकून स्वतःचा वेग कमी करत होता आणि कार्डाच्या पंख्यांच्या आवाजामुळे शेजारच्या खोलीत कोणाला झोप लागत नव्हती. म्हणून दोन्ही भाग एकाच पाण्याच्या लूपवर, म्हणजे पंपाने बंद नळ्यांतून फिरणाऱ्या पाण्यावर, घेण्याचे ठरवले.

पंप आणि टाकीचा जोड (डी५ प्रकारचा) १६,०००, कार्डाचा ब्लॉक (चिपवर टेकून तिची उष्णता पाण्याला देणारा धातूचा ठोकळा) १४,५००, प्रोसेसरचा ब्लॉक ८,८००, ३६० मिमीचा रेडिएटर ८,२००, २४० मिमीचा ६,४००, फिटिंग्ज (नळ्यांचे जोड) साधारण ८,०००, नळी आणि कूलंटचे मिश्रण ३,५०० असा आजपर्यंतचा खर्च आहे. एकूण पासष्ट हजारांच्या वर रक्कम गेली. एवढ्या पैशांत हवेचा चांगला कूलर आणि खोलीसाठी छोटा एसी दोन्ही आले असते, हे ज्याला केवळ तापमान कमी करायचे आहे त्याने आधी लक्षात घ्यावे.

दुचाकीचा जुना रेडिएटर वापरून पैसे वाचवण्याचा सल्ला एका मित्राने दिला. तो अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि ब्लॉक तांब्याचे असतात. हे दोन धातू एकाच पाण्यात आले की अ‍ॅल्युमिनियम झपाट्याने खाल्ले जाते, त्यामुळे तो सल्ला तिथेच सोडला. दोन्ही रेडिएटर तांबे-पितळेचेच घेतले.

१७ मार्च

पेटीच्या माहितीपत्रकात छताला ३६० मिमीचा रेडिएटर बसतो असे लिहिले आहे. लांबीच्या दृष्टीने तो बसतोही, परंतु रेडिएटरची जाडी ३० आणि पंख्याची २५ मिळून ५५ मिमी होते, आणि तेवढ्या जाडीमुळे मेमरीच्या पट्ट्यांवरचे धातूचे कवच पंख्याच्या कडेला घासते. त्यामुळे ३६० चा पुढच्या बाजूस घेऊन २४० चा छताला लावला. पंख्यांचे स्क्रू ३० मिमीचेच वापरावेत. दुकानात ३५ मिमीचे सहज मिळतात, पण ते पंख्यातून आरपार जाऊन थेट पाण्याच्या चपट्या नळ्यांना भिडतात आणि एका स्क्रूने आठ हजारांचा रेडिएटर वाया जातो.

नवे रेडिएटर आतून स्वच्छ नसतात. डाग देताना वापरलेला फ्लक्स आत राहिलेला असतो आणि तो पुढे जाऊन ब्लॉकमधल्या केसाइतक्या बारीक खाचांत अडकतो. दोन्ही रेडिएटर गरम पाण्याने भरून, तोंडे बंद करून हलवले आणि पाणी मलमलीच्या कापडातून गाळले. पहिल्या पाण्यासोबत काळपट कण आणि मेणासारखे चिकट तुकडे निघाले. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करत राहावे लागते आणि शेवटची धुणी डिस्टिल्ड पाण्यानेच करावी, कारण नळाच्या पाण्यातले क्षार मागे राहतात.

डिस्टिल्ड पाण्याविषयीही सांगायला हवे. बॅटरीच्या दुकानात ‘बॅटरीचे पाणी’ म्हणून जे मिळते त्याचा दर्जा सारखा नसतो. आरओ फिल्टरवाले वापरतात तो टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा) घेऊन गेलो, तेव्हा एका कॅनमध्ये १८ आणि दुसऱ्या दुकानातल्या कॅनमध्ये १ असा आकडा आला. मीटर दोनअडीचशे रुपयांत मिळतो. तो न वापरता पाणी भरू नये.

२३ मार्च

लूपच्या तळाशी पाणी काढण्यासाठी कॉक हवा होता. संगणकाच्या दुकानातून मागवल्यास तो कुरिअरसह दीड हजाराला पडतो, आणि कुपवाड एमआयडीसीच्या परिसरात न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणाऱ्या) साहित्याच्या दुकानांत निकेल चढवलेला पितळी पाव इंची कॉक दोनशे रुपयांत मिळतो. पाण्याच्या लूपच्या फिटिंग्जचे आटे जी १/४, म्हणजे पाव इंची समांतर बीएसपी (पाइपांच्या आट्यांचे ब्रिटिश माप) असतात, त्यामुळे माप जुळते. अडचण अशी की दुकानात मिळणारे बहुतेक कॉक निमुळत्या आट्यांचे असतात. ते लोखंडी पाइपात टेफ्लॉन टेप लावून घट्ट करण्यासाठी बनवलेले असतात आणि लूपमध्ये मात्र पाणी अडवण्याचे काम आटे करत नाहीत, ओ-रिंग (रबरी कडी) करते.

घेतलेला कॉक टाकीच्या तोंडाला लावून पाहताना तिसऱ्या फेऱ्यातच जड जाऊ लागला. तो तसाच काढून एका लेथवाल्या काकांना दाखवला. त्यांनी आट्यांवर नख फिरवले आणि म्हणाले, “हे टेपर आटं हायत. ह्या काचंसारख्या प्लास्टिकात आवळलं तर आज नाही तर उद्या तडकणार बघा. पॅरललच घ्या, नाहीतर मी कापून देतो.” त्यांनी पितळी दांड्यापासून समांतर आट्यांचा एक छोटा जोड तयार केला, त्याच्या खांद्यावर ओ-रिंगसाठी खाच कापली, आणि तो टाकी व कॉक यांच्यामध्ये बसवला. कारागिरीचे दीडशे रुपये झाले. आता जोड टाकीच्या बाजूने हातानेच पूर्ण आत जातो, शेवटी पाव फेरा पान्याने दिला की पुरे. ज्यांच्या गावात लेथ आहे त्यांनी फिटिंग्जच्या बाबतीत मोठ्या शहराकडे डोळे लावून बसण्याचे कारण नाही.

३१ मार्च

पाणी भरण्यापूर्वी हवेचा दाब देऊन गळती तपासण्याचे साधन बाजारात तीन-चार हजारांना मिळते. तेच काम रक्तदाब मोजण्याच्या यंत्राने होते. मिरजेत दवाखान्यांच्या आसपास सर्जिकल साहित्याची दुकाने रांगेने आहेत आणि त्यांपैकी एकात माझा मावसभाऊ नोकरीस आहे, त्याच्याकडून घड्याळी डायलचे, दंडपट्टी फाटलेले जुने यंत्र मिळाले. दंडपट्टी काढून तिची रबरी नळी पाव इंची निप्पलवर चढवली आणि निप्पल टाकीच्या झाकणात बसवला. डायल ३०० मिमी पाऱ्यापर्यंत जातो, म्हणजे ०.४ बार. लूप तपासण्यास एवढा दाब पुरतो. सायकलच्या पंपाने हे करू नये. त्याच्या डायलवर अर्धा बार कुठे संपतो ते कळत नाही आणि अ‍ॅक्रिलिकची टाकी जास्त दाबाने फुटू शकते.

फुगा दाबून काटा २५० वर आणला. पहिल्या काही मिनिटांत तो २४० पर्यंत उतरला, कारण मऊ नळी दाबाखाली थोडी फुगते. पुन्हा २५० केल्यावर मात्र तो दर मिनिटाला दोन-तीन मिमी असा उतरतच राहिला. भांडी धुण्याच्या साबणाचे पाणी ब्रशने एकेका जोडावर लावत गेलो. छतावरच्या रेडिएटरच्या एका कोपरफिटिंगच्या बुडाशी मोहरीएवढे फुगे एकामागून एक येत होते. फिटिंग सोडवली तेव्हा ओ-रिंग एका जागी आट्यात चिमटून कापली गेलेली दिसली. बसवण्यापूर्वी ती ओली केलेली नव्हती आणि फिटिंग तिरकी धरून फिरवली होती. ओ-रिंग दहा रुपयांची, पण तिच्यासाठी पंखे आणि छताचा रेडिएटर पुन्हा खाली घ्यावा लागला. उरलेल्या सर्व ओ-रिंगांना डिस्टिल्ड पाण्याचे बोट लावूनच जोड पुन्हा केले.

त्यानंतर काटा दुपारभर स्थिर राहिला आणि रात्री पाहतो तर नऊ-दहा मिमीने उतरलेला. पुन्हा साबण लावला, कुठेही फुगा नाही. बराच वेळ गेल्यावर कारण लक्षात आले: खोली दुपारपेक्षा तीन अंशांनी गार झाली होती. बंद जागेतल्या हवेचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो, तीन अंश म्हणजे सुमारे एक टक्का, आणि वातावरणाचा दाब धरून तो एक टक्का जवळपास तेवढाच भरतो. सकाळी खोली तापली तसा काटा आपोआप वर आला. दाबाची चाचणी रात्रभर ठेवायची असेल तर शेजारी तापमापक ठेवावा आणि दोन्ही आकडे लिहावेत.

६ एप्रिल

आज पाणी भरले. मदरबोर्ड, कार्ड आणि डिस्क यांपैकी कशालाही वीज न देता केवळ पंप चालवायचा असतो, त्यासाठी पॉवर सप्लायच्या २४ पिनी जोडातली हिरवी तार कोणत्याही काळ्या तारेशी तारेच्या तुकड्याने जोडावी, म्हणजे तो एकटा चालू होतो. जोडण्यापूर्वी मागचे बटण बंद असावे. टाकी नेहमी पंपाच्या आधी आणि त्याच्यापेक्षा वर असली पाहिजे. डी५ पंपाच्या आतल्या भागाला पाण्याचेच वंगण असते, त्यामुळे तो कोरडा फिरू देऊ नये. नरसाळ्याने टाकी भरायची, पंप दोन-तीन सेकंद चालवायचा, टाकी रिकामी होण्याआधी बंद करायचा, असे लूप भरेपर्यंत चालू ठेवले.

लूप बंद करण्याआधी परतीची नळी एक लिटरच्या मापात सोडून प्रवाह मोजला, तेव्हा माप २२ सेकंदांत भरले, म्हणजे मिनिटाला सुमारे २.७ लिटर. एवढ्या प्रवाहात ४६२ वॅटमुळे एका फेरीत पाणी अडीच अंशांनीच तापते. आधी कार्ड की आधी प्रोसेसर, मध्ये रेडिएटर घ्यावा की नको, या क्रमाच्या वादात म्हणूनच फार अर्थ नाही, नळ्या जिथे सरळ आणि आखूड जातील तो क्रम घ्यावा. प्रोसेसरच्या ब्लॉकला मात्र आत आणि बाहेर अशी ठरलेली तोंडे असतात. मधल्या तोंडातून पाणी खाचांवर पडते. ती उलट जोडल्यास पाणी वाहते, पण तापमान वाढते.

हवा काढण्यात अपेक्षेपेक्षा जास्त वेळ गेला. छतावरच्या रेडिएटरची तोंडे एका टोकाला असल्याने दुसऱ्या टोकाला हवा अडकून राहते आणि पंपातून वाळू भाजल्यासारखा आवाज येतो. पेटी पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना तीस-चाळीस अंश कलवून धरल्यावर मोठे बुडबुडे टाकीत आले.

७ एप्रिल

मदरबोर्डला वीज दिली, संगणक नीट सुरू झाला. खोली ३१ अंश असताना अर्धा तास पूर्ण भार दिला. पाणी ४२ अंशांवर स्थिरावले, म्हणजे खोलीपेक्षा ११ अंश वर. प्रोसेसर ७६. हे आकडे ठीक आहेत. कार्डाच्या चिपचा मुख्य आकडा मात्र ७१ आणि हॉटस्पॉट (चिपवरची सर्वांत गरम जागा) १०१, आणि त्याच वेळी कार्डावरची मेमरी ७४.

या तीन आकड्यांवरूनच दोष कळतो. पाणी थंड असताना फक्त चिप तापत असेल, तर उष्णता चिपमधून ब्लॉकमध्ये शिरत नाही. मेमरी थंड आहे म्हणजे तिच्यावरचे पॅड (उष्णता ब्लॉकपर्यंत नेणाऱ्या मऊ पट्ट्या) ब्लॉकला चांगले टेकलेले आहेत. हॉटस्पॉट आणि मुख्य तापमान यांत ३० अंशांचा फरक आहे म्हणजे चिपवर ब्लॉक एका बाजूने उचललेला आहे. पॅड जाड किंवा कडक असले की हेच घडते. याच्या उलट, मेमरी शंभरीपार आणि चिप थंड दिसली असती तर पॅड पातळ पडले असे समजावे. पाणी काढून ब्लॉक उघडला. चिपच्या एका अर्ध्या भागावर पेस्ट (चिप आणि ब्लॉक यांच्यामध्ये लावतात ती उष्णतावाहक) पातळ पसरलेली होती, दुसऱ्या अर्ध्यावर ती लावली तशीच जाड पडून होती. व्हर्नियरने मोजल्यावर मेमरीवरचे पॅड दीड मिमीचे निघाले, आणि ब्लॉकच्या पुस्तिकेत मेमरीसाठी एक मिमी लिहिले आहे. पाकिटात दोन जाडीच्या पट्ट्या होत्या आणि त्यांवरची लेबले अदलाबदल झालेली होती. पॅड लावण्याआधी लेबलावर न जाता व्हर्नियर लावावा, सगळे मिळून दहा मिनिटांचे काम आहे.

२० एप्रिल

एक मिमीचे मऊ पॅड पुण्याहून येण्यात दिवस गेले आणि तोवर कामाचे रेंडर अडले. एका ग्राहकाला मुदत वाढवून मागावी लागली. पॅडचे ९०० रुपये आणि नवी पेस्ट ६०० रुपये. या वेळी ब्लॉकचे चार मुख्य स्क्रू तिरक्या क्रमाने, प्रत्येकी अर्धा फेरा देत आवळले. ब्लॉक पुन्हा काढून पेस्टचा ठसा पाहिला, तो चौकोनभर सारखा होता. मगच पुसून नवी पेस्ट लावून कायमचा बसवला. परिणाम: पाणी ४३ असताना चिप ५५, हॉटस्पॉट ६७, मेमरी ७५.

तळाच्या कॉकमुळे पाणी काढण्यास वेळ लागला नाही, परंतु कार्डाच्या ब्लॉकमध्ये वाटीभर पाणी राहतेच आणि नळी सोडताक्षणी ते मदरबोर्डवर उतरते. खाली जुना टॉवेल धरूनच नळी सोडावी.

२७ एप्रिल

पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानाला बांधलेला होता. फाइल उघडली तरी प्रोसेसर क्षणात वीस अंश उडी मारतो आणि पंखे ओरडून पुन्हा गप्प होतात. पाणी मात्र सावकाश तापते आणि सावकाश निवते. तापमानाचा १० किलोओहमचा सेन्सर असलेले फिटिंग ७५० रुपयांना घेतले, ते मदरबोर्डच्या दोन पिनी जोडाला लावले आणि पंखे पाण्याच्या तापमानाला बांधले: ३८ अंशांपर्यंत मिनिटाला ७०० फेरे, ४८ ला १,३००. असा दोन पिनी जोड सर्व मदरबोर्डांवर नसतो, म्हणून खरेदीआधीच पाहून घ्यावे.

१२ मे

पाणी खोलीपेक्षा कधीच थंड होणार नाही, हे कागदावर माहीत होते. मे महिन्यात ते अंगावर आले. आमची खोली वरच्या मजल्यावर स्लॅबखाली आहे आणि तिथे सर्वांत वाईट वेळ दुपारची नसून संध्याकाळी सात ते नऊची असते, कारण दिवसभर तापलेला स्लॅब तेव्हा उष्णता खाली सोडतो. दार लावून रेंडर चालू ठेवल्यावर संगणकाचे स्वतःचे साडेचारशे वॅटही त्याच हवेत मिसळतात. खोली ३५ वरून ३९ वर गेली आणि पाणी ५१ वर. फरक पहिल्या दिवसापासून अकरा-बारा अंशच आहे, तो हललेला नाही. म्हणजे लूप आपले काम करत आहे आणि पुढचा प्रत्येक रुपया रेडिएटरवर न घालता खोलीवर घालायला हवा. पंपासाठी पाणी ६० अंशांखाली ठेवावे लागते, त्यामुळे धोका नव्हता, परंतु प्रोसेसर ८६ वर होता.

प्रथम डेझर्ट कूलर संगणकाकडे तोंड करून लावला. खोली ३२ वर आली, परंतु आठवडाभरात पुढच्या जाळीवर पांढरट थर बसला. कूलरमध्ये बोअरचे पाणी होते आणि त्याच्या तुषारांतले क्षार जाळीवर वाळत होते. रेडिएटर नेहमी हवेपेक्षा गरमच असल्याने त्यावर दव धरण्याची भीती नाही, प्रश्न फक्त क्षारांचा आहे. कूलर दाराकडे नेला आणि खिडकीत १,४०० रुपयांचा एक्झॉस्ट पंखा बसवला, तो संगणकाच्या मागच्या बाजूस अगदी जवळ. आता संध्याकाळी खोली ३४ आणि पाणी ४६ राहते.

जाळीविषयी आणखी एक गोष्ट. घर मार्केट यार्डापासून लांब नाही आणि हळदीचे सौदे जोरात असताना पुढच्या जाळीवर करड्या धुळीऐवजी फिकट पिवळा, बोटाला रंग लागेल असा थर जमतो. तो ओल्या फडक्याने पुसल्यास जाळीत लगदा होऊन बसतो. ब्रशने कोरडाच झाडावा.

२ जून

पेटीच्या उघड्या स्क्रूला हात लागला की बारीक झिणझिण्या येत होत्या. पाणी आणि वीज एकाच पेटीत असल्याने घरात सर्वांनी गळतीवरच बोट ठेवले. गळती नव्हती. पॉवर सप्लायच्या आतल्या फिल्टरचे कपॅसिटर विजेच्या दोन्ही तारांना पेटीशी आणि तिच्यामार्फत अर्थिंगशी जोडतात. अर्थिंग तुटलेले असेल तर पेटीवर घरच्या व्होल्टेजच्या निम्मे, साधारण ११५ व्होल्ट दिसतात. वायरमनने मीटर लावल्यावर तेवढेच आले. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा पार सुकला होता. त्यात मीठ, कोळसा आणि दोन बादल्या पाणी घालून आणि गंजलेला क्लॅम्प बदलून आकडा २ व्होल्टवर आला. त्याच वेळी ६०० व्हीएचा यूपीएसही काढावा लागला. तो जेमतेम ३६० वॅट पेलतो आणि वीज गेली की पूर्ण भारावर तत्क्षणी बंद पडत होता. १,५०० व्हीएचा नवा यूपीएस ९,५०० रुपयांना आला आणि तो मूळ हिशेबात नव्हता.

कॉकमधून कपभर पाणी काढून पाहिले. रंग पारदर्शक, तळाला कण नाहीत, टीडीएस कूलंटच्या मिश्रणासह भरताना होता तेवढाच. टाकीतली पातळी एप्रिलपासून बोटभर उतरली आहे आणि ती मऊ नळीतून होणाऱ्या बाष्पीभवनाएवढी धरता येते. पूर्ण पाणी पुढच्या मार्चमध्ये बदलणार आहे, आणि तेव्हा छतावरचा रेडिएटर तोंडे टाकीच्या बाजूला येतील असा फिरवून बसवायचा आहे, म्हणजे हवा काढण्यासाठी पेटी उचलावी लागणार नाही.